हुकूम निघाला, पोचला नाही

मी इंजिनिअर नाही, विजेच्या कामाचा छोटा ठेकेदार आहे, हे आधीच सांगून टाकतो. बोरगावच्या कारखान्यांत मला पाहून ‘वायरमन आला’ म्हणतात, त्यात खोटं काही नाही. पण त्याच कारखान्यांतला रोबोट अडला की पुण्याचा इंजिनिअर पोचेपर्यंत फोन मलाच येतो. तो आला की मी बाजूला. दुरुस्तीचा कागद तो लिहितो, सही तो करतो, आणि माझ्या बॅटरीच्या उजेडात सापडलेला दोष त्याच्या नावावर चढतो. रोबोटचा कोर्स करू द्या, म्हणून मी तीनदा अर्ज दिला. तीनदा उत्तर एकच आलं: आयटीआयचं प्रमाणपत्र जोडा. मी पांढुर्ण्यात संत्र्याच्या बागांच्या जळालेल्या मोटारी भरत, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळत, शिकलेला माणूस. जोडायला माझ्याकडे फक्त पोळलेली बोटं होती.

हा राग जुना आहे आणि तो मी जपून ठेवलेला आहे. या लेखात तो जागोजागी दिसेल. पण लेख त्याच्याबद्दल नाही. निदान लिहायला बसलो तेव्हा नव्हता.

आधी काम समजून घ्या. रोबोट म्हणजे सिनेमातला दोन पायांचा पुतळा नव्हे. जमिनीला बोल्टने पक्का केलेला एक मोठा हात. खांदा, कोपर, मनगट, सगळं असतं. बोटांच्या जागी जे काम असेल तसं अवजार. आमच्या बोरगावच्या कारखान्यात तो साबणाच्या पावडरीचे खोके उचलतो आणि पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळीवर, थरावर थर रचतो. मनगटाला रबरी वाट्या आहेत. त्या हवेने खोका ओढून धरतात. ओढ सुरू करायची की बंद, हे कपाटातला कंट्रोलर ठरवतो. तो चोवीस व्होल्ट सोडतो. ती वीज आउटपुट कार्डातून निघते, वायरने खांदा-कोपर-मनगट असा प्रवास करते, आणि शेवटच्या व्हॉल्व्हला जाऊन सांगते, ‘धर.’ या हुकमाला आउटपुट सिग्नल म्हणतात.

माझी निम्मी जिंदगी एका गोष्टीवर चालली आहे. हातात धरून रोबोट चालवायच्या पेंडंटवर हिरवा ठिपका दिसला की लोक म्हणतात, सिग्नल आहे. कार्डावरचा दिवा लागला की शपथेवर सांगतात, सिग्नल आहे. अरे, तो हुकूम निघाल्याचा दिवा आहे. पोचल्याचा नाही. मध्ये वीस हात लांब वायर आहे आणि ती दिवसभर पिळली जाते.

कधी तर हुकूम निघतही नाही. एका ठिकाणी पेंडंटवर आउटपुट चालू आणि हात ढिम्म. दोन दिवस तीन माणसांनी व्हॉल्व्ह खोलून पुन्हा बसवले. मी गेलो, पेंडंटवर त्या ओळीच्या पुढे एक छोटं अक्षर दिसलं. आधीच्या माणसाने चाचणीसाठी तो सिग्नल नुसता दाखवायचा करून ठेवला होता. पडद्यावर लागतो, वायरीत उतरत नाही. एक बटण दाबलं, काम झालं. मालक म्हणाला, “एवढंसंच होतं जी?” एवढंसंच होतं, तर दोन दिवस काय करून राहिले होते तुम्ही?

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची. तिगावच्या रस्त्यावर एका वर्कशॉपवाल्याने जुना रोबोट आणला. तो पक्का घासाघीस करणारा, आणि मीही कमी नाही. दोघांनी मिळून नागपूरच्या दुकानदाराचा जीव खाल्ला आणि स्वस्तातले व्हॉल्व्ह मिळवले. परत येताना दोघेही खुशीत. व्हॉल्व्हच्या आत तारेची गुंडाळी असते. वीज बंद केली की ती गुंडाळी उलटी लाथ मारते. ती लाथ पचवायला एक छोटा डायोड लागतो. महागाच्या व्हॉल्व्हमध्ये तो आतच असतो. आमच्यात नव्हता. पंधरा दिवसांनी आउटपुट मेला. दुसऱ्यावर वायर नेली, तोही मेला. तिसरा गेला तेव्हा मी पक्कड भिंतीवर फेकून मारली. वर्कशॉपवाला शांतपणे म्हणाला, “भिंतीनं काय केलं बाप्पा? सौदा तं आपन केला होता.”

आता ज्या प्रकरणासाठी लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

बोरगावच्या त्या खोके रचणाऱ्या हातावर सकाळच्या पाळीला सुनंदाबाई असत. मोहगावच्या. वय पन्नाशीच्या जवळ, आवाज असा की कन्व्हेअर चालू असतानाही पलीकडच्या माणसाला ऐकू जावं. हाताभोवतीच्या लोखंडी जाळीच्या बाहेर उभं राहून तो चालवायचा, अडला तर थांबवायचा, पॅलेट भरली की नवी लावायची, हे त्यांचं काम. घरी कापूस आणि थोडी संत्री. पण बैल गेले आणि ट्रॅक्टर आला.

तीन वर्षांमागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्या कारखान्यात होतो. सफाईसाठी लाइन बंद होती, हाताची वीज काढलेली. सुनंदाबाईंनी घरून वाटीत हळद कालवलेलं लोणी आणलं आणि पळसाच्या पानाने त्या हाताचे खांदे चोळायला लागल्या. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असे शेकतात. बाजूला उभे असलेले सगळे हसले.

“हसून काय राहिले?” त्या म्हणाल्या. “घरचा गोठा रिकामा आहे. बैलाचा गोफ तीन पोळे झाले, खुंटीलेच लटकून होता. वर्षभर माह्यासंगं जुतते तो हा. मंग याचे खांदे काऊन नाही शेकाचे?”

मग हसणं थांबलं. त्यांनी पिशवीतून काळा गोफ काढला, कवडी ओवलेला, नजर लागू नये म्हणून बैलाला बांधतात तो. हाताच्या कोपरापाशी आवळून बांधला आणि हातासमोर वाकून म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी खरोखर पुरणपोळी आली. हाताच्या पायथ्याशी नैवेद्य, उरलेली आम्हाला. मी दोन खाल्ल्या.

पोळा झाल्यावर सुपरवायझरने फुलं, बेगड, लोण्याचे डाग, सगळं साफ करवलं. त्या हाताच्या वायरी विणलेल्या काळ्या बाहीतून जातात. काळ्यावर काळा गोफ कोणाला दिसला नाही.

दसरा उलटला आणि खोके पडायला लागले.

रोज नाही. पाळीत एखादा, कधी तीन. हात खोका घेऊन छान निघायचा, पॅलेटवर पोचायच्या आत वाट्यांची ओढ सुटायची आणि खोका खाली. एकदा फुटून पावडर उडाली आणि जाळीपलीकडे गाडी भरणारा लोडर थोडक्यात वाचला. कंट्रोलरच्या नोंदी पाहिल्या तर त्या वेळी आउटपुट चालूच. कार्डावरचा दिवा चालूच. म्हणजे यंत्र निर्दोष. मग ओढ सोडायचा दुसरा मार्ग एकच: खोका अडकला तर सोडवायला जाळीच्या बाहेर दिलेलं बटण. त्या बटणापाशी सुनंदाबाई उभ्या.

त्यांना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत, असं कागदावर होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की पुढचा कागद कायमचा असेल. घरी कमावती बाई ती एकच. नवऱ्याची पाठ ट्रॅक्टरवरून पडून गेलेली.

पुण्याचा इंजिनिअर आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने कार्ड बदललं, वायर मीटरने तपासली, म्हणाला, “कंटिन्युइटी परफेक्ट आहे, वायर कुठे तुटलेली नाही. ऑपरेटरचाच प्रश्न दिसतो.” दुसऱ्या बाईला उभं केलं. त्या पाळीत एकही खोका पडला नाही. झालं, निकाल लागला.

मी मात्र तडफडत होतो. सुनंदाबाई माझ्या कोणी लागत नाहीत. पण कोणत्याही इंजिनिअरने मीटर टेकवून ‘परफेक्ट’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी विचारलं, “साहेब, मीटर लावला तेव्हा हात कुठं होता?”

“होमला. कुठे असणार?”

होम म्हणजे हाताची विश्रांतीची जागा. कोपर सैल, वायर सैल. बसलेल्या माणसाचा गुडघा दाबून सांगायचं की चालताना दुखत नाही!

मी पॅलेटच्या बाजूच्या भिंतीवर खडूने नऊ चौकोन काढले आणि लोडरला सांगितलं, खोका पडला की तो कोणत्या जागेचा होता तिथे रेघ मार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार रेघा, चारही एकाच चौकोनात: पलीकडचा कोपरा, वरचा थर. नव्या बाईच्या पहिल्या पाळीत एकही पडला नव्हता, कारण त्या दिवशी लहान पॅलेट भरत होत्या. वरचा थर नव्हताच. मग हात थांबवून, वीज काढून, व्हॉल्व्हच्या टोकाशी चोवीस व्होल्टचा एक छोटा दिवा जोडला. जाळीच्या बाहेर आलो, हात सावकाश चालवला. कोपऱ्याकडे जाताना कोपर पूर्ण ताणलं, मनगट वळलं, आणि दिवा लुकलुकून विझला. कपाटातल्या कार्डावरचा दिवा लख्ख. हुकूम निघत होता आणि वाटेत मरत होता. बाईंचा संबंध नव्हता.

मी लगेच सांगायला हवं होतं. पण मी सौदेबाज माणूस. हातात माल आला की भाव आधी सुचतो.

मॅनेजरसाहेब इंदूरकडचे, कामाचं सगळं बोलणं हिंदीत. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, दोष सापडला, तासाभरात लाइन चालू करून देतो. आधी सुनंदाबाईंचा कागद मागे घ्या.

“पहले दिखाओ.”

“पहले लिखो.”

“तुम मेंटेनेंस वाले हो कि यूनियन वाले?”

मी उठलो. दारापर्यंत गेलो. ते म्हणाले, दुपारच्या पाळीत गाडी भरायची आहे, तेवढं कर, संध्याकाळी लिहून देतो. मी म्हटलं, संध्याकाळी दिवा दाखवतो. असं चार वेळा झालं. शेवटी त्यांनी लिहिलं: दोष यंत्राचा असल्याने ऑपरेटरला कामावर घेण्यात येत आहे. सही, शिक्का. आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता. छाती फुगवून खाली आलो.

इंजिनिअर फोनवर होता. मी वीज काढली, जाळीत शिरलो, कोपरापाशी बाही उघडायला हात घातला.

बाहीवर गोफ होता. कवडीसकट. सुनंदाबाईंची गाठ, बैलाला बांधतात तशी, न सुटणारी. हात हलताना वायर बाहीत पुढे-मागे सरकावी लागते. गोफाने ती एका जागी आवळून धरली होती. दोन महिने रोज हजारदा त्याच जागी वाकून आतली तार तुटली होती. वरचं रबर शाबूत. हात होमला असला की तुटलेली टोकं एकमेकांना टेकत, ताणला की सुटत.

माझ्या खिशात कागद होता, दोष यंत्राचा म्हणून. आणि दोष तर बाईंच्या हातचा निघाला. हा गोफ साहेबांना दाखवला असता तर कागद तिथंच फाटला असता. यंत्राशी छेडछाड म्हणजे चौकशीसुद्धा नाही, सरळ घरी.

आणखी एक गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. तो गोफ बांधताना मी तिथं होतो. वायर सैल पाहिजे हे त्या सगळ्या गर्दीत मलाच ठाऊक होतं. मी पाहिलं, मनात आलंही. पण समोर पुरणपोळीचं आवतन होतं आणि सगळे खुशीत होते. मी बोललो नाही, आणि पुढे सफाईत तो निघालाच असेल असं धरून विसरलो.

गोफ कापून खिशात टाकला, बाही उघडून वायर सोलली. इंजिनिअर आला. तुटलेली जागा पाहून म्हणाला, “इथे केबल घट्ट बांधलेली असणार. खूण दिसतेय. ही केबल शेवटची कोणी टाकली होती?”

उन्हाळ्यात ती केबल मी बदलली होती. सैल, नीट, नियमाने.

मी म्हणालो, “मी.”

त्याने अहवाल लिहिला. ‘ठेकेदाराने केबल चुकीच्या पद्धतीने बांधल्यामुळे.’ त्या कारखान्याच्या कागदात माझा उल्लेख पहिल्यांदा आला तो असा. रोबोटचं काम माझ्याकडून गेलं. बाहेरचे पंखे, दिवे, मोटारी तेवढ्या राहिल्या. सुनंदाबाई दुसऱ्या दिवशी कामावर आल्या.

आणि आठवड्याने सौंसरच्या बाजारात, भर भाजीच्या ओळीत, त्यांनी मला गाठलं.

“ठेकेदारभाऊ! तुमची वायर अन् माही नोकरी जात होती ना! लोकं मले चोट्टी म्हनत होते. जरा ध्यान देऊन बांधत जा!”

भाजीवाले हसले. मी असा माणूस आहे की रिक्षावाल्याने जोरात हॉर्न वाजवला तरी उतरून भांडतो. त्या दिवशी पिशवीत मेथी टाकली आणि निघालो. त्यानंतर जिथं भेटल्या तिथं त्यांनी हेच ऐकवलं. लग्नात ऐकवलं, बसथांब्यावर ऐकवलं. तीन वर्षं मी ते गिळत आलो, आणि खरं सांगतो, गिळताना स्वतःला फार मोठा माणूस समजत आलो.

यंदा या अंकवाल्यांनी कामाचे अनुभव मागितले. हेच लिहायचं ठरवलं. बाई अजून त्याच हातावर आहेत, म्हणून नाव बदलू का, हे विचारायला मोहगावला गेलो. अंगणात कापसाचं गाठोडं बांधून राहिल्या होत्या. मी सगळं सांगितलं. गोफ, खिसा, कागद. आता डोळ्याला पदर लागेल असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी त्याचीच वाट पाहत होतो.

त्यांनी गाठोड्याची गाठ मारली आणि म्हणाल्या, “मले काऊन नाही सांगतलं?”

“नोकरी गेली असती तुमची.”

“ते मी पाह्यलं असतं. तीन साल मी तुमाले चारचौघांत बोलून राहिली. ज्यानं काही केलं नाही त्याले. अन् तुमी ऐकून राहिले, मनातल्या मनात मले येडी समजून.”

“तसं नाही बाई...”

“मंग कसं? सौदा माह्या नोकरीचा. भाव तुमी केला, कागद तुमी घेतला, खोटं तुमी बोलले. अन् जिची नोकरी, तिलेच इचारलं नाही. मी तवाच म्हनली असती, हो, म्या बांधला. बैलाले बांधतो तसा बांधला, मले नव्हतं ठाऊक. तुमाले ठाऊक होतं ना?”

मी अंगणात सांडलेला कापूस वेचायला लागलो. सौदा सोडून मी कापूस वेचला असं पांढुर्ण्यात कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

“लिवा तुमी,” त्या म्हणाल्या. “नाव बदलू नका. पन आधी मी उद्या सायबाकडं जाऊन राहिली.”

“बाई, वेडेपणा नका करू. आता ते सगळं मिटलं आहे. घर तुमच्यावर आहे.”

“तुमाले इचारून कोन राहिलं?”

दुसऱ्या दिवशी मी पाळी सुरू व्हायच्या आधीच बोरगावला फाटकासमोर जाऊन उभा राहिलो. एक चहा, दोन चहा. मनात भांडण रचत होतो. त्यांना काढलं तर साहेबांशी काय बोलायचं, कोणती धमकी द्यायची, कुठवर ताणायचं. मग लक्षात यायचं की हे भांडण माझं नाही, आणि पुन्हा रचायला लागायचो. आत हाताचा आवाज चालू होता. तो कोण चालवतंय, ते बाहेरून कळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्या फाटकाबाहेर आल्या. हातात एक कागद.

“काढलं?”

“मेमो देल्ला. म्हने पुन्हा मशिनीले काही बांधलं तं घरी बसाल. तुमचं नाव त्या जुन्या कागदावरून खोडाले लावलं. सायेब म्हने, फाइल कुठं आहे कोनाले ठाऊक. म्हटलं, धुंडा. मी बसली तिथंच. धुंडली त्याईनं.”

मी हात पुढे केला. त्यांनी कागद दिला. एक पान, खाली शिक्का. ऑपरेटरने पूर्वसूचना न देता यंत्राला बाह्य वस्तू बांधली, वगैरे. मी दुसऱ्यांदा वाचला. माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं, ‘पूर्वसूचना न देता’ हे शब्द काढायला लावता येतील, सुपरवायझर तिथं हजर होता, सफाई त्यानेच करवली, तिथून साहेबांना धरता येईल.

“हे पाहा, यात एक मुद्दा आहे,” मी म्हणालो. “मी आत जाऊन बोलतो. दहा मिनिटं...”

“ठेकेदारभाऊ,” त्या म्हणाल्या, “मेमो माहा आहे. आना इकडं.”

मी दिला. त्यांनी घडी घातली, कमरेला खोचला आणि डबा खायला आत गेल्या.